शांतवनबुवांचा उत्तररंग

सरका, जरा पुढं सरका. उंबऱ्यापाशी अवघडून बसू नका, सतरंजी मोठी आहे. आज वाजवायचं नाही, सांगायचं आहे. एका कीर्तनाची गोष्ट सांगते. गोष्ट गोड नाही. सांगताना माझा आवाज चढला तर म्हातारीला धाप लागली म्हणून पाणी आणायला धावू नका. तो राग आहे, आणि इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही. कुणाचा राग, ते ओघात कळेल.

"ताई, आधी एक सांगा. देवाचं नाव घेऊ देणार ना?"

शांतवन बोर्डे यांनी मला हे विचारलं तेव्हा आमच्या वाचनालयातर्फे कीर्तनाचं आमंत्रण घेऊन मी त्यांच्या अंगणात बाजेवर बसले होते. मी हसलेच. कीर्तनकारानं देवाचं नाव घेऊ का म्हणून विचारायचं, म्हणजे सुतारानं रंधा आणू का म्हणून विचारण्यासारखं.

ते हसले नाहीत. साठीचा माणूस, काळाभोर, उंच, मिशा पांढऱ्या. मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि कीर्तन करायचे. ख्रिस्ती कीर्तन. तुमच्यातल्या पुष्कळांनी ऐकलं नसेल. आमच्या नगर जिल्ह्यात ती जुनी चाल आहे. धोतर, उपरणं, फेटा, हातात चिपळ्या, सगळं आपल्यासारखंच. आधी पूर्वरंग, म्हणजे एखादा विषय घेऊन निरूपण. मग उत्तररंग, म्हणजे तोच विषय पटवणारं आख्यान. फक्त आख्यान येशूचं. मी त्याआधी दोन वर्षं मिशनच्या शाळेत काही कामानिमित्त गेले असताना ते ऐकलं होतं आणि जागची हलले नव्हते. मी लहानपणापासून कीर्तनाला पेटी वाजवत आले आहे, पन्नासेक बुवांना साथ केली असेल. कोण नाव घेतं आणि कोण नुसतं नाव उच्चारतं, ते मला पहिल्या आलापात कळतं. हा माणूस नाव घेत होता.

"असं का विचारता बुवा?" मी म्हटलं.

"चार ठिकाणी बोलावलं आजवर. मोठमोठ्या मंडळांनी. चारही ठिकाणी पायरीवर पाय ठेवल्यावर कुणीतरी कानाशी येऊन सांगितलं, 'बुवा, मानवतेवर बोला.' मानवतेवर बोलायला मी काय पुढारी आहे?"

"आमच्याकडं तसं होणार नाही."

"नीट ऐका ताई. हार चालेल. बुक्का नको, आमच्यात लावत नाहीत. शेवटची आरती आमची मी म्हणेन. आणि कीर्तन पुरं करीन. पूर्वरंगाला नम्रता घेतो, उत्तररंगाला येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते आख्यान. पुरं होणार असेल तर येतो. नाहीतर तुम्ही माझा चहा घेतलात, फिटलं."

"पुरं होईल. मी शब्द देते."

ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्या शब्दावर येतो."

हे ध्यानात ठेवा. माझ्या शब्दावर. वाचनालयाच्या नाही, समितीच्या नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाचं ते पंचाहत्तरावं वर्ष. अध्यक्ष होते दिगंबर कानडे सर, कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी 'सात दिवस, सात पंथ' अशी कीर्तन-प्रवचनांची माळ योजली होती. मोठा कापडी फलक रंगवून घेतला होता, त्यावर सात रंगांचे सात हात एकमेकांत गुंफलेले. सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला सोपं गेलं असतं. गावात कुणाच्या घरी आंतरजातीय लग्न निघालं की सर पहिले अक्षता टाकायला. मी शिकवायचे त्या शाळेत येऊन मुलांना समजावून सांगायचे, सगळे धर्म एकच, फक्त वाटा निराळ्या. मी मुलांकडून तेच वहीत लिहून घ्यायचे. शुद्धलेखन तपासायचे आणि खाली बरोबरची खूण करायचे. ते वाक्य खरं आहे का, हे तपासायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

सहाव्या दिवशी, शनिवारी, चार वाजता बुवांचं कीर्तन होतं. तीनला सरांनी मला मागच्या खोलीत बोलावलं.

"दार लोटून घ्या, नलूबाई. बोर्डे आज काय सांगणार आहेत?"

मी सांगितलं.

"अरे अरे अरे. म्हणजे येशू येणार."

"ख्रिस्ती कीर्तन आहे ना सर? पत्रिकेतच छापलंय."

"हो, ते आहेच. आपण बोलावलं, हीच केवढी गोष्ट आहे. पण पुढच्या रांगेत कोण बसतं माहीत आहे ना तुम्हाला?"

माहीत होतं. गोदाक्का पुराणिक. वय वर्षं एक्याऐंशी. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, सोवळं कडक. कीर्तनाला येताना स्वतःची चटई आणि स्वतःचा पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या. पाचही दिवस पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बुवा चुकला की जागेवरून दुरुस्ती सांगायच्या. तिसऱ्या दिवशीच्या बुवांना त्यांनी भर कीर्तनात "तिथी चुकली" म्हणून थांबवलं होतं.

"त्या म्हातारीच्या मनाला काय वाटेल?" सर म्हणाले. "उगाच उठून गेल्या तर बाकीचेही उठतील. इतकं सुंदर चाललंय. तर असं करू. पूर्वरंग होऊ दे. नम्रता हा विषय छान आहे, कुणालाही पटेल. तो संपला की रिवाजाप्रमाणं मी हार घालतो. हार घालून मी खाली उतरलो की तुम्ही आरती उचला. रोजची."

"आणि उत्तररंग?"

"वेळ संपली."

"सर, त्यांना सांगितलंय का?"

"सांगून कशाला दुखवायचं? त्यांचा मान झाला, आपला कार्यक्रम झाला, कुणाला टोचलं नाही. अहो, सगळे देव शेवटी एकच. मग नावाचा आग्रह कशाला? रस घ्यावा, चोथा टाकावा."

मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "पण सर, मी त्यांना..." आणि थांबले. सर डोळे मिचकावून गोड हसले. मला वाटलं, खरंच, काय बिघडतं? पूर्वरंग तर होतोय. मी मान डोलावली. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी नोकरीवर गदा आणली नव्हती. मान माझी होती, मी डोलावली.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे मी काय केलं ते कळेल. पूर्वरंग संपला की यजमान कीर्तनकाराला हार घालतो. बुवा घोटभर पाणी पितो, आणि उत्तररंगाला उभा राहतो. आरती सगळ्यात शेवटी. आणि पेटीवर आरतीचा सूर निघाला की आमचे लोक उभे राहतात. विचार करत नाहीत. गुडघेच उभे राहतात, माणूस मागून. मांडीवरचं पोरही झोपेत टाळ्या वाजवतं. आणि एकदा आरती झाली की कीर्तन संपलं. मग तो बुवा त्या दिवशी त्या जागी पुन्हा उभा राहू शकत नाही. हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, बुवांनाही ठाऊक होतं.

चार वाजता सभागृह भरलं. तबल्यावर दगडू गुरव, पेटीवर मी. बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि पहिली तान घेतली तेव्हा मागं खिडकीत उभे राहून शेंगा खाणारे सुद्धा थांबले.

नम्रतेवर बोलता बोलता ते म्हणाले, "माझा आजा कीर्तनवेडा. या गावच्या देवळात कीर्तन असलं की चार कोस चालत यायचा. आत यायची मुभा नव्हती. भिंतीबाहेर, लिंबाखाली उभा राहायचा. बुवाचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज. पावसात पोतं पांघरून ऐकायचा. लोक म्हणायचे, काय नम्र माणूस! मंडळी, ती नम्रता नव्हती. तिला दुसरं नाव आहे, ते तुम्हाला माहीत आहे. ज्याला आत यायची मुभा आहे आणि तरी जो बाहेरच्याजवळ जाऊन उभा राहतो, तो नम्र. माझ्या आज्यानं पुढं देव बदलला. पण कीर्तन त्यानं टाकलं नाही. भिंतीपलीकडून ऐकलेलं सगळं तो बरोबर घेऊन गेला, आणि मला दिलं. तेच घेऊन आज मी आत उभा आहे."

मी चोरून गोदाक्कांकडं बघितलं. त्यांची मान खाली होती, आणि पदराचा शेव त्यांनी मुठीत गच्च आवळला होता. मला वाटलं, झालं, दुखावल्या. सर म्हणाले ते बरोबर होतं.

पाऊण तासानं पूर्वरंग संपला. सर हार घेऊन वर आले. हार घातला. टाळ्या झाल्या. मग सरांनी ताटातून चिमूटभर बुक्का उचलला. मी सांगितलेलं होतं त्यांना. दोनदा सांगितलेलं होतं. बुवांनी हात जोडले, मान मागं घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, तेवढं नको."

"असू दे हो! सगळं एकच!" सर मोठ्यानं म्हणाले आणि त्यांच्या कपाळावर काळा बुक्का ओढला. खाली फोटोग्राफर तयार होता. दिवा चमकला. पुढं वाचनालयाच्या स्मरणिकेच्या पहिल्या पानावर तोच फोटो आला.

बुवांनी पाण्याचा घोट घेतला. चिपळ्या सावरल्या. माझ्याकडं वळून सुराची खूण केली. डोळ्यांनीच म्हणत होते, चला ताई, आता खरं काम.

सर खाली उतरले आणि माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली.

आणि मी आरती उचलली.

बुवांनी आलापासाठी तोंड उघडलेलं होतं. ते तसंच राहिलं. सतरंज्या सळसळल्या, बांगड्या वाजल्या, अख्खं सभागृह उभं राहिलं आणि टाळ्यांवर आरती म्हणू लागलं. कुणाला कळलंही नाही काय झालं. दगडूनं माझ्याकडं बघितलं, पण हात त्याचेही ठेक्याला लागले. बुवांनी चिपळ्या बंद केल्या. गळ्यात हार, कपाळावर बुक्का, आणि मध्यभागी तो माणूस गप्प उभा. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

आरती संपली. सरांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "बंधुभगिनींनो, आज आपण एक आदर्श घालून दिला. कुठला हिंदू, कुठला ख्रिस्ती..."

"दिगंबरा!"

आवाज खालून आला, अगदी जमिनीजवळून. लोक बाजूला झाले. सगळं सभागृह उभं होतं आणि गोदाक्का चटईवर मांडी घालून बसलेल्या होत्या. आरतीला बसून राहिलेल्या! आमच्या गावात हे कुणी पाहिलं नव्हतं.

"अक्का, बरं वाटत नाही का?" सर धावले.

"मला काय धाड भरलीय? कीर्तन अर्धं आहे. आरती कशी केलीस?"

"वेळ झाली अक्का."

"पाच वाजायचेत अजून. परवाच्या त्या बुवानं सात वाजेपर्यंत दळण दळलं, तेव्हा घड्याळ बंद होतं तुझं?"

कुणीतरी हसलं. सर खाली वाकले, आवाज मऊ करून म्हणाले, "अक्का, खरं सांगायचं तर तुमच्यासाठीच. पुढं येशूचं आख्यान होतं. तुमच्या मनाला बरं वाटलं नसतं."

"मला विचारलंस?"

"नाही, पण..."

"मला विचारलंस का, मेल्या? पत्रिका वाचून आले मी. डोळे फुटलेले नाहीत माझे. ख्रिस्ती कीर्तन लिहिलंय म्हणून मुद्दाम चटई अर्धा हात पुढं टाकली, त्यांचं म्हणणं नीट ऐकू यावं म्हणून. माझ्या नावावर तू त्याचं तोंड बंद केलंस?"

"तसं नाही हो अक्का. तुम्हीच सांगा, देव का वेगळे असतात? सगळे एकच."

"एकच असतील तर त्याचं नाव घेतल्यानं तुझं काय जळत होतं?"

खरं सांगते, सरांना प्रश्नच कळला नव्हता. चेहऱ्यावर ते गोड हसू तसंच होतं, फक्त आता ते कुठं ठेवावं हे त्यांना समजत नव्हतं.

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. बुवांपाशी गेल्या. दोन हात अंतरावर थांबल्या. "तुमचा देव मला मान्य नाही," त्या म्हणाल्या. "तोंडावर सांगते. पण मान्य नाही म्हणायला तरी आधी पुरतं ऐकलं पाहिजे. ते या लोकांनी होऊ दिलं नाही. आणि ती लिंबाखालची गोष्ट सांगितलीत ना, ते देऊळ आमचं. पुजारी माझा बाप. मी आत बसून ऐकत होते." मग त्या गर्रकन वळल्या. "आरती कुणी उचलली?"

मी उभी राहिले. "मी, अक्का."

"नले, तू?"

एवढंच. पण अजून त्या दोन शब्दांनी माझे कान भाजतात.

बुवांनी हार काढून ठेवला. उपरण्याच्या टोकानं कपाळ पुसलं, दोनदा पुसलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "मंडळांची मला सवय आहे, ताई. तुम्ही शब्द दिला होता."

"उद्या माझ्या ओटीवर उभे राहा," अक्का म्हणाल्या. "उत्तररंग मी ऐकते. सगळ्या आळीला बोलावते."

"नाही अक्का." त्यांचा आवाज आता कापत होता, आणि ते रडणं नव्हतं. "आजा लिंबाखाली उभा राहिला. आज मला आत घेऊन तोंडावर आरती मारली. आता तुमच्या ओटीवर? घराच्या बाहेर, पायरीच्या वर? पुरे झाल्या मला तुमच्या ओट्या. माझं कीर्तन मागून घेणार नाही मी कुणाकडं."

मला वाटलं, आता अक्का भडकणार. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे.

"बरोबर आहे," अक्का म्हणाल्या. "मग मी येते. तुमच्याकडं कीर्तन कधी असतं?"

"पुढच्या रविवारी. तीन वाजता. देवळात." ते लोक चर्चला देऊळच म्हणतात.

"पूर्वरंगापासून कराल?"

"अर्धं कीर्तन मी करत नाही."

पुढच्या रविवारी गोदाक्का दुधाच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून निघाल्या. मांडीवर चटई, हातात तांब्या. घरी सुनेनं आकांत केला, लेक म्हणाला, लोक काय म्हणतील. अक्का म्हणाल्या, "लोक ऐकायला येणार नाहीत, त्यांनी म्हणू नये." मी न विचारता मागं दुधाच्या कॅनांमध्ये बसले. मांडीवर पेटी. मनात म्हटलं, जे मोडलं ते मीच जोडीन.

देवळाच्या दारात बुवा उभे होते. अक्कांना नमस्कार केला. मला बघून म्हणाले, "पेटी खाली ठेवा, ताई. आज आमची सून वाजवील. तुम्ही ऐकायला बसा."

पन्नास बुवांना साथ केलेल्या बाईला तो माणूस म्हणाला, खाली बसा. मी मागं, दाराजवळ बसले. त्याहून हलकी शिक्षा त्यांनी दिली असती तर मी त्यांना मानलं नसतं.

बुवांच्या सुनेनं अक्कांपुढं पाण्याचा पेला धरला. सगळं देऊळ बघत होतं. अक्का म्हणाल्या, "माझं पाणी माझ्याबरोबर आहे, बाई. राग मानू नकोस. या वयात हे सुटायचं नाही माझ्याच्यानं."

ती पोर बिचारी बुवांकडं बघू लागली. बुवा म्हणाले, "राग येतो, अक्का. खोटं कशाला बोलू? माझ्या घरचं पाणी नाकारलं की राग येतो. तरी बसा. तुम्ही ऐकायला आलात, मी सांगायला उभा आहे."

"बसते," अक्का म्हणाल्या, आणि पहिल्या रांगेत चटई टाकली.

ऐका, इथं नीट ऐका. आमच्या वाचनालयात कुणी कुणाला राग येतो असं म्हटलं नव्हतं. तिथं सगळे गोड हसत होते आणि एका माणसाचा गळा दाबत होते. त्यांना वाटत होतं ते मनानं मोठे आहेत. इथं ही सोवळ्यातली म्हातारी पाणी घेत नव्हती, आणि तो माणूस गिळलेला राग घशात ठेवून गात होता, तिच्यासाठी, एक अक्षरही न गाळता. सहन कोण करत होतं? कानडे सर? मी? आम्हाला सहन करण्यासारखं काही उरूच नये अशी आम्ही आधीच व्यवस्था केली होती.

कीर्तन पूर्वरंगापासून झालं. मग उत्तररंग. येशू उठतो, अंगरखा काढून ठेवतो, कमरेला पंचा बांधतो, तस्तात पाणी घेतो. बुवांनी फेटा काढून ठेवला, उपरणं कमरेला गुंडाळलं आणि खरंच गुडघ्यांवर बसले. एकेका शिष्यापुढं सरकत गेले. एकजण पाय मागं घेतो, म्हणतो, तुम्ही माझे पाय धुवायचे नाहीत.

"मीही नसते धुवू दिले!" गोदाक्का जागेवरून ओरडल्या.

देऊळ हसलं. बुवा तसेच गुडघ्यांवर बसून अक्कांकडं वळले. "मग माझ्यात तुझा वाटा नाही, असं येशू म्हणतो, अक्का."

"हो का? मग त्या शिष्यानं काय केलं?"

"पाय पुढं केला."

अक्का हात हलवून म्हणाल्या, "पुढं सांगा."

आरती झाली, त्यांची. सगळे उभे राहिले. अक्काही राहिल्या, टाळ्या वाजवल्या नाहीत, पण उभ्या राहिल्या. लोक पांगले तेव्हा बुवा त्यांच्यापाशी येऊन बसले, कपाळावरचा घाम पुसत.

"गळा चांगला आहे," अक्का म्हणाल्या. "आख्यान चोख. माणूस डोळ्यांपुढं उभा केलात. पण एक मला पटत नाही."

"सांगा ना."

"तुमच्यात म्हणे एकच जन्म. एवढ्याशा जन्मात माणूस काय सुधारणार? मला एक्याऐंशी वर्षं पुरली नाहीत पाण्याच्या एका पेल्याला."

"म्हणून तर आम्ही घाई करतो, अक्का."

अक्का हसल्या. तोंडात दात नव्हते, पण काय हसल्या! "आणि तुम्हाला आमचं काय पटत नाही?"

"यादी मोठी आहे. टेम्पो चुकेल तुमचा."

"मग पुढल्या खेपेला सांगा. मी येते."

आणि त्या आल्या. गुडघे चालले तोवर, चार वर्षं. दर वेळी भांडल्या. बुवांनी एकदाही त्यांच्यासाठी एक शब्द मऊ केला नाही, त्यांनीही केला नाही. पाणी त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही, मी ते सजवून सांगणार नाही. मला बुवांनी तिसऱ्या वर्षी पेटीवर बसवलं. "एव्हाना ऐकायला शिकल्या असाल," म्हणाले.

कानडे सरांचं पुढं ठिकठिकाणी कौतुक झालं. भाषणात ते त्या शनिवारची गोष्ट उदाहरण म्हणून सांगायचे. मी समोर बसलेली असायचे. एकदा उठून म्हटलं, "सर, खोटं आहे हे." ते म्हणाले, "नलूबाई, तुम्ही कडवट झालात." झाले. कडवटच बोलते. आजही कुणी माझ्यापुढं हसत हसत सगळं एकच हो म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्याला दुसऱ्याचं काही ऐकायचंच नाही त्याला सगळं एकच वाटायला वेळ लागत नाही. हे मला ठाऊक आहे, कारण ती आरती मी वाजवली होती.

अक्का गेल्या, बुवाही गेले. आता मागायचं ते मागते. शांतवन बोर्डे यांची आठवण ठेवा. पण 'माणूस म्हणून मोठा होता, धर्माच्या पलीकडचा होता' असं म्हणून ठेवू नका, तो माणूस कशाच्या पलीकडचा नव्हता. ख्रिस्ती कीर्तनकार होता. येशूचं नाव घ्यायचा. आठवण काढाल तेव्हा त्या नावासकट काढा. तुम्हाला पटो, न पटो, नाव गाळू नका.